शनिवारी लिफ्ट बंद

बाबा लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात तेव्हा मी आठ मजले वर, मोटाररूममध्ये असते. मेन स्विच तिथे. तो मी खाली ओढायचा, कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची, कुलपाला एक हिसका देऊन बघायचं. मग जमिनीतल्या ज्या भोकातून दोर खाली जातात तिथे तोंड नेऊन ओरडायचं, "बघितलं!"

'हो' चालत नाही. 'झालं' चालत नाही. बाबा म्हणतात, 'हो' तर माणूस झोपेतसुद्धा म्हणतो. बघितलं म्हणायला आधी बघावं लागतं. हा शब्द वरून आला नाही तर बाबा लिफ्टच्या खाली डोकं घालत नाहीत. खरं तर नियम असा की किल्ली खड्ड्यातल्या माणसाच्या खिशात पाहिजे. पण मेन बंद केला की लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद म्हणजे जिने. बाबांचे गुडघे कामातून गेलेत. म्हणून मी आल्यापासून किल्ली माझ्याकडे आणि माझा शब्द बाबांकडे, अशी वाटणी.

मी आले म्हणजे शाळा सोडून आले. आठ महिने झाले. मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंशी वाजलं, दप्तर उचललं, परत गेलेच नाही. आईने महिनाभर तोंड वाजवलं. बाबा एवढंच म्हणाले, "घरात भिंती बघत बसणार असशील तर त्यापेक्षा माझ्याबरोबर चल." बाबा मला ठिणगी म्हणतात. का ते सांगायला नको.

तर राजधानीचं.

युरोपातल्या त्या शहराचं नाव बाबांच्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून आमच्याकडे ते नुसतं 'राजधानी' झालं. तिथल्या एका जुन्या सरकारी इमारतीत एक लिफ्ट आहे. तिला दार नाही, बटण नाही, आणि ती थांबत नाही. माळेतल्या मण्यांसारखे डबे, एका बाजूने वर चाललेत, दुसऱ्या बाजूने खाली येतायत, दिवसभर, हळूहळू. चालत्या डब्यात आपण पाय टाकायचा आणि आपला मजला आला की पाय बाहेर काढायचा. बाबा शिकाऊ होते तेव्हा पुस्तकात तिचं चित्र होतं. ते पान त्यांनी अजून जपून ठेवलंय. आणि या वर्षाच्या शेवटी ती लिफ्ट काढून टाकणार, असं बाबांच्या जुन्या जोडीदाराने, लंबूकाकांनी, फोन करून सांगितलं. त्या दिवशी बाबा जेवताना मध्येच म्हणाले, "आपण जाऊन येऊ."

आईने चमचा खाली ठेवला. "कुठे?"

"राजधानीत."

"लोक राजवाडे बघायला जातात, नदी बघायला जातात. हा माणूस लिफ्ट बघायला चाललाय! रोज बघून पोट भरत नाही?"

"ही थांबत नाही अगं."

"मीपण थांबत नाही. मला कोण बघतंय?"

आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहे. दिवसभर मशिनांची घरघर कानात. ती म्हणाली, विमानाचा आवाज मला नको, तुम्ही दोघं जा, घर माझं एकटीचं असेल तीच माझी सहल.

बाबांनी सहलीसाठी एक वही केली. कामाच्या वहीसारखीच, रेघा मारून रकाने: काय, कधी, लागणारं सामान, तपासलं. पहिली ओळ होती, 'विमानतळावर पोचणे.' दुसरी, 'मोजे, तीन जोड.' मधल्या एका ओळीत फक्त 'लिफ्ट', आणि त्याखाली दोनदा रेघ. बाकीचं पान कोरं. म्हणाले, "बाकी सगळं तू ठरव. राजवाडा, नदी, तुला हवं ते. मी मागून येतो."

मी तर हरखलेच होते. मोबाइलवर ते शहर रोज बघायचे. नदीवरचे सात पूल, ट्राम, चौकात टेबलं मांडून बसलेली माणसं, आणि शनिवारी संध्याकाळी जुन्या पुलावर गाणी. उन्हाळाभर दर शनिवारी. पूल वाहनांना बंद, पलीकडून अलीकडपर्यंत नुसती माझ्या वयाची पोरं नाचतायत. माझ्याबरोबरच्या पोरी शाळेत राहिल्या. त्या सहलीला जातात, फोटो टाकतात. माझ्या फोटोत काय, ग्रीस. मला तो पूल पाहिजे होता.

आणि लिफ्ट फक्त सरकारी वेळेत. सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीनपर्यंत. शनिवार-रविवार इमारतीला कुलूप.

सुट्टी चारच दिवस मिळत होती. बुधवारी जाऊन शनिवारी पहाटे परत, म्हणजे लिफ्ट मिळते, पूल जातो. शुक्रवारी संध्याकाळी पोचून सोमवारी पहाटे परत, म्हणजे पूल मिळतो, लिफ्ट जाते. दोन्ही मोबाइलवर समोर होतं, एकाखाली एक.

मी बुधवारच धरून चालले होते, खरंच. पण त्या सकाळी एका इमारतीच्या मॅनेजरने बाबांना विचारलं, "मुलगी का? कितवीला आहे?" आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुट्टी चालू आहे तिची."

मी बाजूलाच उभी होते, हातात तेलाचा डबा. सुट्टी! आठ महिन्यांची सुट्टी! माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. घरी येऊन न जेवता मोबाइल घेऊन बसले, आणि दुपारी अडीच वाजता शुक्रवारची तिकिटं काढली. बदलता न येणारी. वर लिहिलेलंच होतं, मी वाचलं होतं.

बाबा वही घेऊन आले. "झालं का?"

"झालं. शुक्रवार ते सोमवार."

"शुक्रवार?" त्यांनी बोटावर मोजलं. "म्हणजे लिफ्ट शनिवारी. शनिवारी चालू असते ना? सरकारी आहे म्हणून विचारतो. बघितलंस?"

इथे मी 'हो' म्हणू शकले असते. 'असेल' म्हणू शकले असते. पण मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बघितलं."

बाबांनी पुढे एक शब्द विचारला नाही. पेन्सिल घेतली आणि 'तपासलं'च्या रकान्यात बरोबरची खूण केली. आपल्या हाताने.

राग संध्याकाळपर्यंत उतरला. माझा राग तसाच आहे, दुधासारखा, भसकन वर आणि मग खाली. पण ती खूण काही उतरेना. वही फ्रीजवर ठेवलेली असायची. पाणी प्यायला गेले की दिसायची.

आणि बाबांचं भलतंच सुरू झालं. एरवी सणालासुद्धा खरेदी न करणारा माणूस! रबरी तळाचे नवे बूट आणले. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने रेघ मारली आणि चालत्या डब्यात पाय कसा टाकायचा त्याची प्रॅक्टिस करायला लागले.

"घाई नाही करायची ठिणगी. डब्याची फरशी आपल्या फरशीच्या वीतभर खाली असताना उजवा पाय. हात चौकटीला नाही लावायचा. बघ."

"मी भाकऱ्या करतेय, जरा बाजूला टाका पाय," आई म्हणाली. "आणि वरच्या मजल्यावर उतरायचं विसरलात तर? उलटे होऊन खाली याल, डोकं खाली पाय वर."

"तीच तर गंमत!" बाबांनी आगपेटी घेतली, दोरी घेतली, दोन खुर्च्यांच्या पाठीवरून फिरवून दाखवलं. "सगळ्यांना वाटतं डबा उलटा होतो. होत नाही. वर मोठं चाक असतं, डबा त्याच्यावरून आडवा सरकतो आणि तसाच सरळ उभा खाली येतो. मी उतरणारच नाहीये. चाकावरून जाणार. अंधारात ते चाक दिसत असेल बघ, एवढं मोठं." हात पसरले त्यांनी. "एका डब्यात दोनच माणसं. तू आणि मी."

मी म्हणाले, "आगपेटी द्या, गॅस लावायचाय."

मी स्वतःला सांगायचे, बाबांनीपण खोटं सांगितलं की त्या मॅनेजरला. फिट्टंफाट. दिवसा हे पटायचं. बाबा बूट पुसायला बसले की पटायचं नाही.

मग एक दिवस बाबा म्हणाले, त्या लिफ्टचा मेकॅनिक असेलच ना कोणीतरी, त्याला पत्र लिहू. त्यांनी सांगितलं, मी मोबाइलवर त्या भाषेत करून घेतलं. "लिही, मी आपल्याच धंद्यातला माणूस आहे. एकतीस वर्षं. तुमच्या यंत्राबद्दल मला फार आदर आहे. लांबून बघितलं तरी चालेल." शेवटचं वाक्य लिहिताना माझी बोटं थांबली. बाबा म्हणाले, "का? अवघड आहे का त्या भाषेत?"

पाठवलं. मला वाटलं, कोण उत्तर देतंय.

चौथ्या दिवशी आलं. मी मोटाररूममध्येच वाचलं. त्या माणसाने लिहिलं होतं की चौतीस वर्षं तो ती लिफ्ट सांभाळतोय, आणि इतक्या वर्षांत धंद्यातल्या माणसाने पत्र पाठवलं असं पहिल्यांदाच झालं. जरूर या. वरच्या चाकाच्या खोलीत घेऊन जातो, ती बाहेरच्या कोणाला दाखवत नाही. फक्त शनिवार-रविवार येऊ नका, इमारत बंद असते. सोमवारी मी सकाळी आठ ते अकरा असतो.

"उत्तर आलं का गं?" बाबांनी त्या संध्याकाळी विचारलं. दुसऱ्या संध्याकाळीही. मी दोन्ही वेळा "नाही" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. आईला मात्र म्हणाले, "कामात असेल बिचारा. आपल्याला तरी कुठे वेळ मिळतो पत्र लिहायला." त्याची बाजू घेत होते! ज्याने उत्तर दिलंय त्याची!

जायला आठ दिवस राहिले होते. आठ मजल्यांची इमारत, दोराला वंगण आणि खड्ड्यातल्या स्प्रिंगची तपासणी. बाबा खाली, मी वर. मेन ओढला. कुलूप घातलं. किल्ली खिशात. हिसका दिला.

खालून आवाज आला, "मेन?"

मी भोकाशी गेले आणि तोंड उघडलं. शब्द येईना.

परत जाऊन कुलूप बघितलं. घट्ट. किल्ली चाचपली. होती. परत भोकाशी. नाही. आता वाटायला लागलं की कुलूप नीट लागलंच नसेल, मी बघते ते खरं नसेलच. तिसऱ्यांदा गेले, दोन्ही हातांनी ओढलं.

"ठिणगी! मेन?"

"बंद आहे!"

मग, अगदी सावकाश, "मी काय विचारलं?"

"बंद आहे म्हटलं ना!"

"बघितलंस का?"

आठ मजल्यांच्या त्या उभ्या अंधारात बाबा मान वर करून उभे होते. वर टांगलेलं सगळं वजन, आणि मध्ये माझा एक शब्द. मी भोकाशी गुडघे टेकले आणि ओरडले, "बाबा, राजधानीतली लिफ्ट शनिवारी बंद असते! मला माहीत होतं! तुम्ही विचारलंत तेव्हापण माहीत होतं! आणि त्या मेकॅनिकचं उत्तर आलंय!"

लिफ्टचा तो बोगदा म्हणजे भोंगाच. सगळ्या मजल्यांवर गेलं असणार. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. "काय झालं? शनिवारी लिफ्ट बंद? माझ्याकडे पाहुणे यायचेत शनिवारी!"

"इथली नाही आजी," खालून बाबांचा आवाज. "लांबची आहे."

मग लोखंडी शिडीचा आवाज आला. बाबा खड्ड्यातून बाहेर आले. आणि मग पावलं, जिन्यावर.

मला खाली पळत जायचं होतं. पण मेनपाशी असलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, हाही नियमच. तेव्हा मी तिथेच उभी राहून ऐकलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं सरळ. तिसऱ्यापासून एक पाय आधी, दुसरा ओढत मागून. चौथ्यावर थांबले. पाचव्यावर आजी म्हणाल्या, "अहो बसा जरा," आणि बाबा म्हणाले, "नको." सातव्यावर कठड्याचा करकर आवाज यायला लागला, म्हणजे हाताने अंग ओढून चढत होते. एवढा वेळ मी आयुष्यात कशाचीच वाट बघितली नसेल.

आले. शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याकडे बघितलं नाही. मेनकडे गेले, कुलपाला हिसका दिला. मग हात पुढे केला.

मी किल्ली ठेवली हातावर. त्यांनी ती खिशात टाकली आणि खाली गेले. उतरताना गुडघे जास्त दुखतात, ते मला माहीत आहे.

पुढे तासभर खालून पान्ह्याचा आवाज येत राहिला. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, किल्ली त्यांच्याकडे होती. मी मोटाररूममध्ये उभी, बिनकामाची. बाबांनी शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते, ते मला जमतं. याचं काय करायचं ते कळेना.

डबा आम्ही पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर खाल्ला.

"उत्तर वाच," बाबा म्हणाले.

वाचून दाखवलं. चाकाच्या खोलीचं वाक्य आलं तसा त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "चौतीस. माझ्यापेक्षा तीन जास्त."

"बाबा…"

"मी विचारलं तेव्हा तू बघितलं म्हणालीस."

"बघितलंच होतं. बंद असते ते बघितलं होतं." तोंडातून गेलं आणि स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली. "नाही. तुम्ही काय विचारताय ते मला कळत होतं."

"हं."

"तुम्हीपण त्या मॅनेजरला खोटं सांगितलंत. सुट्टी चालू आहे म्हणून."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "सांगितलं. लाज वाटली मला."

"माझी?"

"तुझी कशाला? माझी. तो म्हणाला असता, स्वतःचे गुडघे गेले म्हणून पोरीला जिने चढायला लावतो." मग म्हणाले, "आणि त्यात खोटं काय?"

मला रडायचं नव्हतं. मी डब्याच्या कडीशी खेळत बसले. मग सांगून टाकलं, पुलाचं, गाण्यांचं, पोरींच्या फोटोंचं. ऐकताना फारच क्षुल्लक वाटलं ते सगळं. बाबा म्हणाले, "मग सांगायचं ना. मी म्हटलं होतं, बाकीचं तू ठरव."

"लिफ्ट तर गेली असती."

"गेली असती तर दोघांनी मिळून ठरवून गेली असती."

घरी आल्यावर आईसमोर वही उघडली. बाबांनी खोडरबर घेतलं आणि ती खूण पुसली. जपून, कागद फाटू नये म्हणून. ओळ ठेवली, खूण नाही. मग म्हणाले, "त्याला लिही, सोमवारी आठला येतो."

"सोमवारी पहाटे विमान आहे परतीचं."

"सोडून देऊ ते. दुसरं स्वस्तातलं बघ."

"त्याला दोन दिवस लागतात! तीन विमानं बदलायची. तुमचे गुडघे…"

"गुडघे माझे आहेत."

आई म्हणाली, "म्हणजे चारचे सहा दिवस? देवा, हीच खरी सहल माझी." पण नंतर भांडी घासताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बापाला एवढे जिने चढवलेस ना आज, पाय शेकून दे." मी शेकले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते.

"शनिवारी पुलावर जायचं नाही आपण," मी म्हणाले.

"का? जायचं. तू नाच. मी कठड्याला टेकून उभा राहीन." आणि मग, "मला ते बघायचंय."

यापेक्षा नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पत्र मी त्याच दिवशी पाठवलं, आणि आधीच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर का झाला तेही खरं लिहिलं. त्याने एका ओळीचं उत्तर पाठवलं, 'मलाही मुलगी आहे. सोमवारी आठ.' बाबांना दाखवलं. त्यांनी मोबाइल स्वतः हातात घेऊन दोनदा वाचलं. आधी ते मला वाचायला सांगायचे.

कामाला रोज जातोय. किल्ली बाबांकडेच. ते वर चढतात, मेन ओढतात, कुलूप घालतात, हिसका देतात, खाली जातात. मी पान्हे देते. नियमाने हेच बरोबर आहे, त्यामुळे मला बोलायलाही जागा नाही.

परवा मी घरातलं घडीचं स्टूल बरोबर घेतलं आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर मांडून ठेवलं. बाबा त्याला वळसा घालून वर गेले. काल नव्या इमारतीत पुन्हा चौथ्यावर मांडलं, पुन्हा वळसा. आज मी वरच्या पायरीवरून बघत होते. आले, थांबले, स्टूल पायाने थोडं भिंतीकडे सरकवलं आणि बसले. गुडघ्यावर हात ठेवून, मिनिटभर. वर मान करून मला हाक मारली नाही. किल्ली मुठीत होती, ती मुठीतच राहिली.

मग उठले आणि पुढे चढायला लागले. मी स्टूल उचललं आणि सहाव्यावर नेऊन ठेवलं.